पानं कापतंय कोण?

संध्याकाळी ऑफिसातून घरी आल्यावर सर्व्हेअरसाहेबांनी बूट काढले, एक मोजा काढला, आणि दुसरा मोजा टाचेपर्यंत आलेला असतानाच त्यांना खिडकीतल्या झाडाचं नवं पान दिसलं. सकाळी ते हिरव्या सुरळीसारखं गुंडाळलेलं होतं. आता उलगडलं होतं आणि दोन्ही बाजूंनी कापलेलं होतं.

"अगं ए, आधी बाहेर ये!"

"भाजी फोडणीला टाकलीय!" आतून बायको म्हणाली.

"गॅस बंद कर आणि ये. कोणीतरी आपल्या झाडाचं पान कापलंय."

बायको हात पुसत बाहेर आली. पान चांगलं ताटाएवढं होतं. डाव्या बाजूला कडेपासून मधल्या शिरेपर्यंत दोन लांब चिरा होत्या, उजव्या बाजूलाही तशाच दोन होत्या. कडा स्वच्छ होत्या. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"किडीचं काम नाही. कीड कुरतडते. ही कात्री आहे, आणि सरावाचा हात आहे."

साहेब एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, चेपलेल्या गाड्या बघण्यात त्यांची हयात गेली होती. या कामाने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की जगात आपोआप काही होत नाही. आग लागत नाही, लावली जाते. काच फुटत नाही, फोडली जाते. घरात साखरेला मुंग्या लागल्या तरी मुंग्यांना डबा कोणी उघडून दिला, हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. दावा खरा असलेली माणसंही त्यांच्यासमोर बसली की थोड्या वेळाने स्वतःवरच संशय घ्यायला लागायची.

झाड त्यांना ऑफिसने प्रदीर्घ नोकरीबद्दल दिलं होतं. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. यांना मात्र घड्याळ दिलं तर हे मागचं झाकण उघडून बघतील, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी मिळून कुंडी आणली. साहेबांचा त्या झाडावर जीव जडला होता. हृदयाच्या आकाराची मोठी, सबंध, चकचकीत पानं. आल्यागेल्याला ते आधी झाड दाखवायचे आणि मग बसायला सांगायचे.

घरात माणसं तीन. साहेबांनी स्वतःला लगेच वगळलं. बायकोलाही वगळलं, कारण तिची कात्री चालायची ती फक्त त्यांच्या बोलण्यावर. राहिले सासरे.

सासरे हे निवृत्त शिंपी. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. डोळे लवकर थकायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि दुकानामागच्या खोलीत एकटे राहायला लागले. तिथे न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजाऱ्याने कडी तोडेपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले. लेक धावत गेली आणि त्यांना घेऊन आली. चार दिवस येतो म्हणून आलेल्या मास्तरांना आता महिना होत आला होता. ते बाहेरच्या खोलीत, झाडाशेजारच्या दिवाणावर झोपायचे. सामान पिशवीतच ठेवायचे. पंखा लावू का विचारलं तर "तुमच्या सोयीने" म्हणायचे, आणि जे पुढे येईल त्याला "छान आहे" म्हणायचे. पिशवीत त्यांनी दुकानातली एकच वस्तू आणली होती. मऊ कापडात गुंडाळलेली, काळ्या मुठीची, हातभर लांब कात्री.

"बाबा कशाला पानं कापतील?" बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"हात शिवशिवत असतील. जन्मभर कापड कापलं, आता काय करायचं?"

"हे बघा, बाबांना इथे परकं वाटेल असं एक अक्षर बोललात तर याद राखा. ते त्या खोलीत परत गेले आणि पुन्हा पडले, तर दर वेळी शेजारी घरात असतीलच असं नाही."

साहेबांनाही सासरे हवेच होते. घरात वडीलधारं माणूस असावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण तपास तो तपास. चहाच्या वेळी त्यांनी सहज विचारतोय असं दाखवत सुरुवात केली.

"बाबा, दुपारी झोप लागते का?"

"लागते. छान लागते."

"आणि नाही लागली तर?"

"मग जागा असतो."

"जागे असताना काय करता?"

"झोपेची वाट बघतो."

असा साक्षीदार साहेबांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. त्यांनी पवित्रा बदलला. "हे नवं पान बघितलंत का?"

मास्तरांनी पानाकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "बघितलं. काप सरळ आहे."

"कोणाचं काम वाटतं तुम्हाला?"

"ज्याचं असेल त्याचा हात बसलेला आहे. घाई केलेली नाही." एवढं बोलून मास्तर बशीतला चहा फुंकायला लागले.

गुन्हेगाराला आपल्या कामाची तारीफ केल्याशिवाय राहवत नाही, हे साहेब जाणून होते. त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कुंडी जागची हललेली होती. आधी ती कोपऱ्यात असायची, आता थेट खिडकीपाशी होती.

"कुंडी कोणी सरकवली?"

"मी," मास्तर म्हणाले. "मला उजेडात बसायची सवय. माझी खुर्ची खिडकीपाशी घेतली, म्हटलं झाडानेच काय अंधारात कुढायचं? चुकलं का माझं?"

"छे छे!" बायको घाईघाईने म्हणाली आणि टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

त्यानंतरचं पान उलगडलं तेव्हा साहेबांची उरलीसुरली शंकाही फिटली. या पानाला चिरा तर होत्याच, शिवाय मधल्या शिरेच्या कडेने ओळीने लांबट भोकं होती. सारख्या अंतरावर, एका मापाची. साहेबांनी बायकोला दंडाला धरून पानासमोर उभं केलं.

"हे काय आहे?"

"भोकं."

"भोकं नाहीत, काजं आहेत! बटणाची काजं! आता तरी पटलं?"

बायकोला पटेना. तेव्हा साहेबांनी अंगातल्या शर्टाचं एक बटण उपटलं आणि ते एका भोकातून आरपार काढून दाखवलं. बटण बेताचं बसलं. बायकोने हात झटकले. "नवा शर्ट होता," एवढंच ती म्हणाली. दिवाणावर मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर किंचित खाली केला, जावई झाडाला बटण लावतोय हे पाहिलं आणि पेपर पुन्हा वर घेतला.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाय मोकळे करायला गेलेले असताना साहेबांनी पिशवीतून ती मोठी कात्री काढली आणि आपल्या लोखंडी कपाटात कोंडली. किल्ली पॅन्टच्या खिशात टाकली. हत्यारच नाही म्हटल्यावर गुन्हा कसा होणार? चोरी करतोय असं त्यांना क्षणभर वाटलं, पण मुद्देमाल जप्त करणं वेगळं आणि चोरी वेगळी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मास्तरांना कात्री गेल्याचं त्याच दिवशी कळलं. त्यांनी पिशवी उलटी केली, दिवाणाखाली वाकून पाहिलं, उशी झटकली.

"बाबा, काय शोधताय?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. छान आहे सगळं."

पण त्या दिवसापासून ते चष्म्याचं घर, कंगवा, पाकीट, सगळं पिशवीत ठेवून पिशवीची बंदं आवळून बांधायला लागले. जावई खोलीत आला की त्यांचा हात आपोआप पिशवीवर जायचा. ते साहेबांच्या नजरेतून सुटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, असं त्यांनी मनातल्या मनात म्हटलं. आणि मास्तरही जावयाकडे बघून नेमकं तेच म्हणत असावेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

कात्री कपाटात असतानाच तिसरं पान उलगडलं. त्याला सगळ्यांत जास्त चिरा होत्या.

साहेब हादरले. याचा अर्थ घरात दुसरी कात्री वापरली जात होती. त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री उचलली, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली उचलली, नखांची उचलली, शेवटी आपल्या मिशांची एवढीशी कात्रीसुद्धा सोडली नाही. कपाटात कात्र्यांचा ढीग झाला.

"अहो, दुधाची पिशवी दाताने फोडतेय मी! हे घर आहे की तुरुंग?"

"चौकशी पूर्ण होईपर्यंत सहन कर."

"त्यापेक्षा फोनवर बघा ना, झाडाला काही रोगबिग आहे का."

"फोनवर कोणीही काहीही लिहितं. माझे दावेदारही फोनवरचेच फोटो आणतात."

बायको त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिचा चेहरा उतरला होता. "आता एक ऐका. बाबा मला काल विचारत होते, जावईबापूंना ऑफिसात काही त्रास आहे का?"

"मला? कसला त्रास?"

"म्हणाले, माणूस मनातल्या मनात कुढत असला की त्याच्या हाताला काहीतरी चाळा लागतो. त्यांचं एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणे बसल्याबसल्या रुमालाच्या दशा काढायचं. म्हणाले, रागावू नकोस पोरी, पण ती पानं तुझा नवराच कापतो. माझी कात्रीही त्यांच्याकडेच आहे. बटणं लावतानाही मी त्यांना पाहिलंय."

"वा! चोर तो चोर, वर शिरजोर!"

"रविवारी परत जातो म्हणतायत." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणाले, माझ्यामुळेच त्यांच्या डोक्याला ताप होत असेल. मी गेलो की ते आपोआप कापायचे थांबतील."

 ओल्या फरशीवर एकटे पडलेले मास्तर साहेबांच्या डोळ्यांपुढे आले आणि त्यांना फार वाईट वाटलं. म्हातारा त्यांच्यावर खोटा आळ घेत होता आणि तरीही त्यांच्याच काळजीने घर सोडून निघाला होता. अशा माणसाला गुन्हेगार ठरवायचं तरी कसं? पण मग पानं कापत होतं कोण?

शनिवारी बायकोने फर्मान काढलं. "बाबांचे डोळे तपासून आणा. जायच्या आधी तेवढं तरी होऊ दे. आणि दोघांनी एकत्र जायचं, एकत्र यायचं. मध्ये कुठे एकमेकांना सोडायचं नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघं बाकावर शेजारी बसले. एकमेकांना सोडायचं नाही हे त्यांना सांगायची गरज नव्हती. साहेब पाणी प्यायला उठले की मास्तर मान वळवून बघायचे. मास्तर खोकले की साहेब त्यांच्या हातांकडे बघायचे. आत डॉक्टरांनी जवळचं वाचायला दिलं तेव्हा मास्तरांनी जुन्या चष्म्यातूनही बारीक अक्षरांची शेवटची ओळ घडाघडा वाचून काढली. डॉक्टर खूश झाले. बारीक काम अजून जमतं तर, अशी साहेबांनी मनाशी नोंद केली.

ते घरी परतले तेव्हा बायको दारातच उभी होती. "बघा, बघा! आत्ता एक पान कापलं गेलंय!"

खरंच कापलं होतं. नवं नव्हे, अगदी जुन्यातलं एक सबंध पान होतं, साहेबांचं सगळ्यांत लाडकं. त्याला कडेपासून वाकडीतिकडी चीर होती आणि पानाचा एक तुकडा कुंडीत पडला होता.

"आता बोला," बायको नवऱ्याला म्हणाली. "बाबा तुमच्याबरोबर होते की नाही? आणि बाबा, हे तुमच्याबरोबर होते की नाही? झालं तर मग! दोघांपैकी कोणीच नाही. आता तो विषय बंद."

मास्तर पानापाशी वाकले. नव्या नंबरची वाट न बघता जुना चष्मा नाकावर सरकवून त्यांनी चीर नीट पाहिली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग दिवाणावर जाऊन ते पिशवी आवरायला लागले.

साहेबांच्या डोक्यात मात्र चक्रं फिरत होती. घरात माणसं तीन, दोघं बाहेर, उरलं कोण? त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याचकडे बघत होती. म्हणजे हे एकट्याचं काम नव्हतं, टोळी होती! डोकं बापाचं आणि हात लेकीचा. पण बायकोवर तोंडावर आरोप करावा इतकं धैर्य त्यांना आजवरच्या एकाही आगीने दिलं नव्हतं. अशा वेळी अनुभवी सर्व्हेअर जे करतो तेच त्यांनी केलं. बाहेरचा तज्ज्ञ बोलावला.

रविवारी सकाळी नर्सरीवाली बाई आली. तिच्या नखांत माती होती आणि आवाज मोकळा होता. मास्तर कपडे करून, पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. बाईने खिडकीकडे पाहिलं आणि ती जागीच थांबली.

"अगं बाई! काय सुरेख फुटलंय हो!"

"फुटलं नाही, कापलंय," साहेब म्हणाले. "मला फक्त हत्यार कोणतं ते सांगा."

बाई हसायलाच लागली. "हत्यार कसलं? मॉन्स्टेरा आहे हा. लहान असतो तेव्हा सबंध पानं येतात. मोठा झाला, भरपूर उजेड मिळाला, जागा मानवली, की फाटकी पानं यायला लागतात. सुरळीतूनच फाटलेलं बाहेर येतं. लोक अशा एका पानासाठी वर्षभर आमचं डोकं खातात."

"आपोआप?" साहेबांना तो शब्द उच्चारतानाही कष्ट पडले.

"आपोआप."

"आणि ही काजं?"

"ती पण."

साहेब खुर्चीत बसले. त्यांच्या हयातभराच्या सिद्धांताला एका कुंडीने चीर पाडली होती. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण उजेडात ठेवलं म्हणून झालं ना? मग कारणीभूत शेवटी बाबाच!"

"अहो!" बायको ओरडली.

"हे एक पान मात्र," नर्सरीवाली बाई खाली वाकून म्हणाली, "कात्रीने कापलंय. कड बघा, तपकिरी पडायला लागलीय. आणि इतकं वाईट कापलंय की बघवत नाही."

 बायको अचानक दिवाणावरच्या उशीचा अभ्रा सारखा करायला लागली. तो आधीच सारखा होता.

"तिला काही म्हणू नका," मास्तर हळूच म्हणाले. "मी कालच ओळखलं. कात्री धरली की हिचा अंगठा आत वळतो. लहानपणी दुकानात यायची, तेव्हा किती कापड नासलं त्याला गणती नाही. पण घरचं भांडण, मी बाहेरचा माणूस, कसा बोलणार?"

"मग मी काय करायला हवं होतं?" बायकोचा बांध फुटला. "हे म्हणायचे तुम्ही कापता, तुम्ही म्हणायचात हे कापतात. दोघं घराबाहेर असताना एक पान कापलं गेलं, तर दोघंही सुटाल असं वाटलं मला!"

"पण कात्र्या तर माझ्या कपाटात होत्या," साहेब म्हणाले.

"आणि किल्ली धुवायला टाकलेल्या पॅन्टच्या खिशात. पॅन्ट धुतं कोण या घरात?"

साहेब उठले, आत गेले आणि ती काळ्या मुठीची कात्री घेऊन आले. त्यांनी ती मास्तरांच्या मांडीवर, पिशवीवरच ठेवली. "बाबा, चुकलं माझं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायची त्या घराला सवय नव्हती. "तुम्ही जाऊ नका. हिच्यासाठी म्हणत नाही. मला... घर भरल्यासारखं वाटतं तुम्ही असलात की."

 मास्तरांनी आधी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा जावयाकडे.

"मी जात नाही," शेवटी ते म्हणाले.

"खरंच बाबा?"

"कसा जाऊ? जावई दुसऱ्यांच्या कात्र्या पळवून कपाटात कोंडतो, झाडाला बटणं लावतो. लेक चांगली सबंध पानं कापते. तुम्हा दोघांना कोणाच्या भरवशावर सोडू? घरात एक तरी शहाणं माणूस लागतं." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि कात्री कानाजवळ नेऊन दोनदा उघडमीट केली. "आणि जावईबापू, ती पॅन्ट काढा."

"आत्ता?"

"आत जाऊन काढा. आल्यापासून तिची मागची शिवण बघतोय, पाहुणा म्हणून तोंड शिवून बसलो होतो. कोणत्या गाढवाने शिवलीय? तुम्ही वाकलात की माझा जीव खालीवर होतो."

नर्सरीवाली बाई झाडाकडे तोंड करून खोकायला लागली. साहेब निमूटपणे आत निघाले.

"आणि एक," मास्तरांनी मागून आवाज चढवला. "चहा भयंकर गोड होतो या घरात. पिववत नाही. भाजी तर रोज अळणी!"

बायको धावत नवऱ्याच्या मागे आत आली. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. पॅन्टशी झटणाऱ्या साहेबांना तिने दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

"ऐकलंत? अहो, ऐकलंत का? भाजी अळणी म्हणाले!"